डुलकीसरांचं घोरणं

डुलकीसर घोरायला लागले की इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या आमच्या ऑफिसच्या खिडक्या थरथरायच्या आणि खालचे रिक्षावाले आपापली इंजिनं तपासून घ्यायचे. पगारही त्यांना झोपेचाच मिळायचा. मासेमारी बोटींसाठी आम्ही एक डबा बनवायचो. बोट कुठे आहे ते तो किनाऱ्यावर कळवायचा. त्यातला प्रोसेसर रिकामा असला की त्याला झोपवायचं, म्हणजे बॅटरी टिकते, हे सरांचं काम.

सर समुद्रकाठच्या चौक गावचे, मच्छीमाराच्या घरातले. आमच्या मालकांची, म्हणजे शेटजींची, मीटिंग असली की आधी विचारायचे, "किती वेळ चालेल?" पाच मिनिटं म्हटलं तर नुसते डोळे मिटायचे. तासभर म्हटलं की खिडक्या सुरू. "बोटीवर असंच असतं," म्हणायचे. "जाळं लगेच ओढायचं असेल तर बसल्या बसल्या डुलकी काढायची. गाढ झोपून लगेच उठलं तर माणूस जास्त दमतो. प्रोसेसरचंही तेच."

त्यांच्या शब्दावर गावातल्या बोटींनी डबे बसवले. पहिला त्यांच्या थोरल्या भावाने. बोट भर समुद्रात आणि बॅटरी संपून डबा मुका. बोट कुठे आहे ते कळेना, म्हणून वहिनी धक्क्यावरच जाऊन बसली. भाऊ परतला तो डबा काखेत मारूनच.

"तुजा डबा तुज्यासारका न्हाय रं," तो म्हणाला. "ह्याला झोपच न्हाय. फुडच्या फेरीला असाच मेला तर समदे डबे परत."

सर कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणाऱ्या प्रोग्राममध्ये, शिरले ते आठवडाभर जागेच. त्या आठवड्यात खिडक्यांना पहिल्यांदा आराम मिळाला. अखेर चोर सापडला: शेटजींनी डब्यावर हौसेने लावलेला, दर सेकंदाला लुकलुकणारा हिरवा दिवा. कर्नल प्रोसेसरला गाढ झोपवायचा, दिवा त्याला गदागदा हलवून उठवायचा. या झोप-उठीतच बॅटरी खलास.

"बत्ती बंद दिखेगी तो गिऱ्हाईक बोलेगा, माल मर गया," शेटजी कुरकुरले.

"शेट, तुम्हाला कोणी सेकंदासेकंदाला उठवून विचारलं, जिंदा हो क्या, तर किती दिवस जिंदा राहाल?" सर म्हणाले.

दिवा बटण दाबल्यावरच लागू लागला. कर्नलही पुढची जाग किती लांब आहे ते पाहून डुलकी की गाढ झोप ते ठरवू लागला. पुढच्या फेरीला बोट धक्क्याला लागली तरी डबा बोलतच होता. भावाने इतके पापलेट पाठवले की आमच्या मजल्यावर बगळे राहायला आले.

पुढे सरांना बंगळूरच्या मोठ्या कंपनीने नेलं. निरोपाला शेटजी बोलायला उठले.

"किती वेळ?" सरांनी विचारलं.

"घंटा तो लगेगा."

सरांनी डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी खिडक्या धरल्या. शेटजी दीड तास बोलले. सर घोरले नाहीत; मिटल्या डोळ्यांनी सगळं ऐकत होते.