बुडालेल्या जहाजाचं गंजलेलं चाक

मशीन शॉपमधल्या जुन्या दोस्तांनो, आज लेकीच्या हट्टापायी अंदमानात स्कूबा डायव्हिंग केलं. गुडघे अजून बोंबलतायत.

खाली एक बुडालेलं जहाज होतं. त्याचं गंजलेलं चाक दिसलं आणि माझा हात आपोआप पुसायला गेला. इन्स्ट्रक्टरनं मनगटच धरलं. वर आल्यावर म्हणाला, "काका, त्या गंजावर जिवंत प्रवाळ आहे. पुसलंत तर मरेल."

त्याला काय सांगणार? अठ्ठ्याहत्तर साली पिंपरीच्या कंपनीत लागलो, तेव्हापासून लेथ मशीन पुसून तेल लावल्याशिवाय फोरमननं कधी शिफ्ट सोडू दिली नाही. तीस वर्षं पुसलं राव. कंपनी बंद पडली, मशीन भंगारात गेलं.

आणि इथं कुणीच न पुसलेल्या लोखंडावर माशांचा संसार चाललाय.

खरं सांगा, तुमचे हात थांबले का? मी आत्ता हॉटेलचं टेबल पुसूनच हे लिहायला बसलोय.