उन्हानं काढलेलं नाव

उन्हाळ्यात वऱ्हाडात माणसं तर सोडाच, म्हशीसुद्धा सावली शोधतात. पण ऊन शोधत हिंडणारा एकच इसम मी जन्मात पाहिला, आणि नेमकी त्यालाच आम्ही आमची ताई दिली होती. भाऊजी अमरावतीला कचेरीत नकाशांच्या नकला काढत. पण खरं वेड घरच्या गच्चीवर. कापड औषधात भिजवायचं, त्यावर काळ्या कागदाची अक्षरं ठेवून भर दुपारच्या उन्हात धरायचं, मग ॲनिलीन नावाच्या उग्र रसायनाची वाफ द्यायची. की सावलीखालचं अक्षर तेवढं हिरवंगार उमटे. सोड्याच्या पाण्यानं ते निळं होई, चिंचेच्या पाण्यानं पुन्हा हिरवं. हा चमत्कार दाखवायला त्यांना कुणाचंही कापड चाले. अकोल्याहून मी मुलगी पाहायला म्हणून नवा सदरा घालून आलो, तो पाठीवर हिरवा डाग घेऊन गेलो. सोयरीक मोडली नाही, हे पलीकडच्यांचे उपकार. आकाशात ढग आला, की शेजाऱ्यानं अंगणात सांडपाणी सोडल्यासारखे भाऊजी भांडायला उठत. "देवानं वऱ्हाडाले ऊन देल्लं, अन् तुमी सावली पाहून राहिले," असं आम्हाला वर ऐकवत.

पुढे विषमज्वरात ताईचे कान गेले आणि भाऊजी हट्टाला पेटले. त्यांना दाराबाहेर ताटकळावं लागू नये म्हणून ताई दुपारपासून उंबऱ्याशीच बसून राही. किती समजावलं तरी उठेना. भाऊजींनी ठरवलं, बाहेर बटण दाबलं की चुलीसमोरच्या कापडावरच्या अक्षरांनी रंग बदललाच पाहिजे. मिठाच्या पाण्यानं ओलं केलेलं कापड, मागे पत्रा, त्याला बॅटरी; सोड्याचं काम आता विजेनं करायचं. वर्षभर कापडं विटली, पत्रे गंजले, त्यांची बोटं कायमची हिरवी झाली, पण माणूस हटला नाही. शेवटी मीच वैतागून म्हटलं, एक बल्ब लावा आणि मोकळे व्हा.

"बल्ब कोनालेबी बोलावते," ते म्हणाले. "हे फक्त तिचं नाव घेते."

आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. 'आयकलं काय' एवढ्यावर दोघांचा सारा संसार झालेला. ताईला ऐकू येत होतं तोवर तिचं नाव भाऊजींच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. त्या दिवशी मला या माणसाची फार माया आली.

वैशाखात एकदाचं ते जमलं. भाऊजी बाहेर, मी स्वयंपाकघरात. चुलीसमोरचं हिरवं 'वत्सला' बघता बघता निळं झालं. भाकर थापणारा ताईचा हात थांबला. पिठाच्या हातानंच पदर सावरत ती गेली आणि तिनं कडी काढली. दारात भाऊजी घामानं निथळत उभे. ताई दार पुन्हा लोटून घेत म्हणाली, "अजून एक डाव नाव घ्या नं."