एक भाकर जास्तीची

सगुणाबाई गेल्या तेव्हा घरात ज्वारीचं पोतं भरलेलं होतं. मुलगा-सून दिवाळी होताच ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडे गेले होते. जाताना त्यांनी तेल, मीठ, तिखट सगळं भरून ठेवलं होतं. पण सगुणाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हात थरथरणारे. गिरणीवर दळण कोण नेणार, चूल कोण पेटवणार? शेजारणींनी विचारलं की त्या म्हणायच्या, "जेवले माय, आत्ताच जेवले."

थंडीत एका सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजारची बेबीनंदा आत शिरली. चुलीच्या तोंडाला कोळ्याचं जाळं लागलेलं होतं.

घनसावंगी तालुक्यातल्या त्या लहानशा गावात बेबीनंदा शेतमजुरी करायची. नवऱ्याची, पुंजारामची, कंबर निकामी होईपर्यंत तीही कोयता घेऊन टोळीत जात होती. मागं तिची सासू एकटीच राहायची आणि फोनवर हेच सांगायची, जेवले म्हणून. तेव्हा बेबीनंदाला ते खरं वाटायचं. सगुणाबाईंना माती देऊन आल्यावर ती कितीतरी वेळ अंगणात बसून राहिली. पुंजाराम जेवायला बोलावत होता. तिच्यानं उठवेना.

पुढच्या रविवारी बौद्धवाड्यातल्या विहारात बायका जमल्या, तिथं ती बोलली. "सकाळी भाकरी करता, तव्हा एक जास्तीची थापा. मागं एकट्या राह्यलेल्या म्हाताऱ्यांसाठी मी येऊन घेऊन जाईन."

"रोज कसं जमंल बाई? आन् आपली भाकर सगळ्यांच्यात चालंल का?" एकीनं विचारलं.

"ज्याला चालंल त्यो खाईल. इचारून तर पाहू."

दुसऱ्या दिवशी ती टोपलं घेऊन निघाली. भाकरी फडक्यात, वरण किटलीत. म्हाताऱ्यांजवळ नुसतं ठेवून ती कधी निघायची नाही. घास पोटात जाईपर्यंत समोर बसायची, मगच कापूस वेचायला रानात जायची. काही दारांतून तिला परत फिरावं लागलं. एका आजीनं भाकर घेतली आणि तिच्यादेखत शेळीपुढं टाकली. त्या दिवशी रानात बेबीनंदाच्या हाताला वेग आला नाही.

देवळामागच्या गल्लीत बिरूआबा एकटे राहायचे. जन्म मेंढरांमागे गेलेला, आता गुडघ्यांनी दगा दिलेला. पोरगा सुग्रीव टोळीत. बेबीनंदा दारातच थांबली. "आबा, मी बौद्धवाड्यातली बेबीनंदा. भाकर आणली. चालंल का?"

"माय, मेंढरं घेऊन किती गावं हिंडलो," आबा म्हणाले. "कुणाकुणाच्या हातचं पाणी पिलो, ते कुठं इचारलं? ये, आत ये."

दात नव्हते. तिनं भाकर वरणात कुस्करून दिली. दोन घास खाऊन ते थांबले आणि तोंड भिंतीकडे फिरवून बसले. ती समोरून हलली नाही. मग त्यांनी ताटली पुन्हा जवळ ओढली.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या. सुग्रीव तडक बेबीनंदाच्या अंगणात आला. "मावशी, माझा बाप भिकारी हाय का? गाव म्हणून राह्यलंय, सुग्रीवचा बाप मागून खातो. घरात दाणे ठेवून गेल्तो मी!"

"दाणे व्हते रे बाबा. भाकर न्हवती," ती म्हणाली.

तो आणखी बोलणार, तेवढ्यात काठी टेकत बिरूआबा मागून आले. धापा टाकत ओट्यावर बसले. "तिला काय बोलतो? फोनवर तुला सांगत व्हतो, जेवलो म्हणून. ही येईस्तोवर ते खोटं व्हतं. तू तिकडं काम टाकून पळत येशील, म्हणून बोललो न्हाई."

सुग्रीवची मान खाली गेली. पुंजारामनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पुढच्या दिवाळीनंतर टोळी निघायच्या आदल्या दिवशी सुग्रीवनं आपल्या ज्वारीचं पोतं बेबीनंदाच्या ओट्यावर आणून टाकलं. "आबापुरतं न्हाई मावशी. ज्याला लागंल त्याला." त्याच्या गल्लीतली रेणुकाही त्या वर्षापासून टोपलं उचलू लागली. बौद्धवाड्यातली भाकर नाकारणाऱ्या काही दारांत तिच्या हातची चालली. बेबीनंदाला त्याचं वाईट वाटलं, पण तिनं रेणुकाला ती दारं स्वतःच दाखवली.

संक्रांतीनंतर बिरूआबा दुपारी झोपेतच गेले. सुग्रीव जीप करून दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर गाव त्याच्यासाठी थांबलं होतं. बापाच्या पायावर डोकं ठेवून तो उठला आणि बायकांच्या घोळक्यात बेबीनंदाला शोधत आला.

"मावशी, सकाळी जेवले व्हते का?"

"जेवले. दुधात कुस्करून दिली व्हती. सगळी खाल्ली, वर चहा मागितला."

"तुमी समोर व्हत्या?"

"व्हते बाबा."

मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि मोठ्यानं रडला.