रिकाम्या चौकोनातलं अक्षर

मंजूच्या मोरोक्कोतल्या मैत्रिणीने तिला आपल्या बर्बर लिपीतलं एक अक्षर मोबाइलवर पाठवलं. खाली विचारलं होतं, ‘दिसतंय का? पुष्कळांना दिसत नाही.’ पडद्यावर नुसता रिकामा चौकोन होता.

“काहीच आलं नाही गं,” मी लेकीला म्हणाले.

“आलंय, आई. प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर दिलेला असतो. तो पोचलाय. माझ्या मोबाइलकडे त्याचं रूप, म्हणजे फॉन्ट, नाही, एवढंच.”

तिने कुठूनसं ते रूप उतरवून घेतलं आणि चौकोनाच्या जागी अक्षर उभं राहिलं, दोन्ही हात वर केलेल्या माणसासारखं. मी बघतच राहिले.

लग्नाच्या पंगतीत मी वाढता वाढता मागे राहते. बुजरी असल्याने जागा मागत नाही. पण जाऊबाई माझं पान मांडून ठेवतात, तिथे कुणाला बसू देत नाहीत. तो चौकोन तसाच होता. इतक्या लांबच्या अक्षराचंही पान कुणीतरी मांडून ठेवलं होतं. असे नंबर देऊन ठेवणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक वाटलं.

“दिसलं म्हणून कळव आधी,” मी मंजूला म्हणाले. “ती वाट बघत असेल.”