मोसंबी कुणासाठी

शिरूरच्या बाजारात मोसंबी विकणाऱ्या आबांचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक मोसंबी ते कानाशी धरून दाबायचे आणि मगच पिशवीत टाकायचे. आमच्याकडं मोसंबी आजाऱ्यालाच नेतात, म्हणून दर आठवड्याला विचारायचे, "पेशंट कसा हाय?" मी ती जिनच्या पेल्यात पिळायला नेतो, हे त्यांच्या पांढऱ्या मिशांकडं बघून सांगवत नव्हतं. मी म्हणायचो, "तसाच आहे."

एकदा बाजार उठल्यावर आबा सहा मोसंबी घेऊन पेशंटला भेटायला पत्ता विचारत थेट माझ्या खोलीवर आले. टेबलावर जिनची बाटली, बर्फ, पुदिना आणि मोसंबीच्या साली होत्या. आबांनी सगळं शांतपणे बघितलं, खाटेवर बसले, पिशवीतली एक मोसंबी कानाशी धरून दाबली आणि माझ्या हातात दिली.

"ही पिळा. मला बी दोन दिस अशक्तपणाच हाय."