सत्यभामाबाई नाहीत

मोहाडीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परसराम रंगारी बोर्डावर बसला ते साल चौऱ्याहत्तरचं. बापानं जन्मभर दुसऱ्याच्या बांधीतलं धान कापलं, आणि पोरगा कानाला हेडफोन लावून भंडाऱ्याशी ‘हॅलो, हॅलो’ करतो म्हटल्यावर त्यांच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, काय रुबाब होता त्याचा! बाप तर उगाच एक्स्चेंजवरून चक्कर मारायचा आणि खिडकीतून पोराला बघून परत जायचा. एक्स्चेंज म्हणजे काय, भाड्याची एक खोली, भिंतीला लावलेला लाकडी बोर्ड आणि त्याच्या पुढ्यात दोऱ्यांचा गुंता. कुणी फोन उचलला की बोर्डावर त्याच्या नंबरची झडप पडे. परसराम दोरी खुपसून नंबर विचारी आणि जोडून देई. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा आणि देवाचं नाव घेत बसायचं. मोहाडीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, तिथून पुढं. घसा बसेपर्यंत ओरडावं तेव्हा पलीकडून ‘आं?’ ऐकू यायचं.

त्यात एक पीपी कॉल असे. ठराविक माणसाचं नाव सांगून लावायचा. तो माणूस मिळाला तर बोलण्याचे पैसे, नाही मिळाला तर नुसती किरकोळ फी. आता आपले लोक काय कमी हुशार? ज्याला बोलणं परवडत नाही तो मुद्दाम नसलेल्या माणसाचं नाव सांगायचा. ‘नाहीत’ असं उत्तर आलं की समजायचं, घरी सगळं ठीक. सरकारला कळे, पण सरकार काय करणार?

करडीच्या कुंताबाईनं हेच केलं. विधवा बाई, एकुलता एक टेकचंद भिलाईला कारखान्यात लागलेला. बाजाराच्या दिवशी ती मोहाडीला आली, एक्स्चेंजच्या खिडकीशी उभी राहिली आणि सरळ म्हणाली, “भाऊ, दर बाजाराले बाराच्या टायमाले माहा पोरगा भिलाईहून फोन लावन. सत्यभामाबाई पायजे म्हणन. मी इथं उभी दिसली का तू सांग, सत्यभामाबाई नाहीत. त्याले समजन, माय बरी आहे.”

“आन तू नाही दिसली तं?”

“तं सांग, बोलावले माणूस गेला आहे, थांबा. तो काय समजायचं ते समजन आन गाडीत बसन.”

“बाई, ही सरकारी लाइन आहे. माही नोकरी जाईन ना!”

“नाही जात जी. तू चांगल्या घरचा दिसतं.”

आता यावर कोण काय बोलेल? परसराम हसला आणि फसला. दोन वर्षं हा खेळ बिनबोभाट चालला. कुंताबाई वांगी, वाल काहीबाही विकून बाराच्या आधी खिडकीशी हजर. परसराम स्टुलावरून मागं वळून बघायचा, कारण बोर्ड भिंतीला आणि खिडकी पाठीमागं. ती मान हलवायची, तो लाइनवर म्हणायचा, “सत्यभामाबाई नाहीत.” पोराचा आवाज तिला कधी ऐकू आला नाही, पण चेहरा असा फुलायचा, जणू पोरगा समोर जेवायला बसला आहे. जाताना मूठभर वाल खिडकीत ठेवून जायची. परसरामची बायको लीलाबाई विचारायची, “आज कोनं देल्लं?” तो म्हणायचा, “सत्यभामाबाईनं.”

मग शहात्तरची दिवाळी सरली. धान निघालं, व्यापाऱ्यांना तासातासाला नागपूरचा भाव पाहिजे. बाजाराच्या दिवशी बोर्डावर झडपांवर झडपा पडत. एका बाजाराला बाराचा कॉल आला आणि दोन्ही हातांत दोऱ्या असलेल्या परसरामनं मागं न वळताच सांगून टाकलं, “सत्यभामाबाई नाहीत.” दुसऱ्या बाजारालाही तेच. तिसऱ्याला तर भंडाऱ्याच्या ऑपरेटरनं नाव पुरतं घेतलंही नव्हतं, त्याआधीच हा मोकळा झाला. मान वळवायला किती वेळ लागतो हो? मिनिट? अर्धं मिनिट? त्या तीन बाजारांत ती मान वळली नाही.

खिडकीशी कुणी नव्हतं. कुंताबाई करडीला तापानं अंथरुणाला खिळली होती. चौथ्या बाजाराच्या आदल्या दिवशी ती गेली.

भिलाईला तार गेली. टेकचंद पोचला तेव्हा राखच उरली होती. परत जाताना तो एक्स्चेंजवर आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. परसरामला वाटलं, आता हा गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

टेकचंद खिडकीची चौकट धरून म्हणाला, “भाऊ, माय तीन हप्त्यांपासून बिमार होती म्हनतात. आन तुमी तं दर बाजाराले नाहीत म्हनून सांगतलं.” मग स्वतःच म्हणाला, “तिनंच निरोप धाडला असन तुमाले. पोराले कळू देऊ नका, त्याची नोकरी हाय म्हनून. हो ना?”

आणि परसरामची मान हलली. जी तीन बाजार वळली नव्हती ती लगेच हलली, काय सांगावं! घरी म्हातारा बाप, दोन लेकरं, टोलीतली पहिली सरकारी नोकरी. चौकशी लागली तर खोटे कॉल चालू दिल्याचं निघणार. हे सगळं त्याच्या डोक्यात आलं खरं, पण ते नंतर. आधी मान हलली, आणि नुसता भेकडपणा होता तो.

टेकचंद म्हणाला, “मले परकं केलं मायनं.” आणि निघून गेला.

पुढच्या बाजाराला कुंताबाईची शेजारीण शकुनबाई खिडकीशी आली. म्हणाली, “तू तुह्यं काम केलं भाऊ, पोट्टाच नालायक निघाला. रोज म्हने कुंता, भाऊनं फोनवर सांगतलं असन, पोरगा निंगाला असन. दाराकडं खाट फिरवून घेतली तिनं. त्या मेल्याचं काळीज काय दगडाचं हाय? गावात कोनी धड बोललं नाही त्याच्याशी, आन बोलनार बी नाही.”

परसरामला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही त्यानं. तेवढ्यात एक झडप पडली आणि तो बोर्डाकडे वळला. तेव्हा मात्र वळला.

त्यानंतर अकरा वर्षं गेली. लोकांची लग्नं, सौदे, बाळंतपणं त्यानं जोडून दिली, पण हे काही त्याच्या तोंडून निघेना. घरात वाल शिजले की ताटावरून उठायचा. लीलाबाई चिडायची, “काय जी, खात नाही तं आनता कायले?” एका रात्री त्यानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मले सांगून काय फायदा?”

सत्त्याऐंशीत मोहाडीला आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. लोखंडी कपाट खडखड करत स्वतःच नंबर जोडू लागलं, आणि परसरामला कारकुनाच्या टेबलावर बसवलं. लाकडी बोर्ड उचलून नेला त्या दिवशी भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा डाग राहिला. सोबतीचे म्हणाले, सुटला बुवा कटकटीतून. हा कसला सुटतो! आता हाताला काम नाही, म्हणून डोक्यात दिवसभर कुंताबाईच. आठव्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि तुमसर रोड स्टेशनाहून पॅसेंजर धरली.

भिलाईत क्वार्टर सापडायला संध्याकाळ झाली. टेकचंदनं ओळखलं, बस म्हटलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला. परसराम म्हणाला, “आधी ऐकून घे, मंग चहाचं पाहू.” आणि एका दमात सगळं सांगितलं. मान न वळवल्याचं, मान हलवल्याचं, दाराकडं फिरवलेल्या खाटेचं.

टेकचंद ओरडला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, “अकरा वर्सं तिच्या फोटोले हार नाही घातला मी. म्हनलं, तुले मी नको होतो तं मले तू बी नको.” मग एकदम त्याचा आवाज चढला. “करडीत सांगतलं काय हे?”

“नाही.”

“काहून?”

टेकचंदनं खुंटीवरचा सदरा काढला. “मंग चला. मले सांगून तुमी हलके झाले. मी गावात अजून हरामखोरच हावो.” चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं करडीला शकुनबाईच्या ओट्यावर पोचले. म्हातारी आता काठीवर आली होती. टेकचंदला पाहून तिनं तोंड फिरवलं. शेजारपाजारचे जमले. परसरामनं सगळ्यांपुढं, उभं राहून, पहिल्यापासून सांगितलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून देणाऱ्या माणसाला स्वतःची चार वाक्यं बोलताना घाम फुटला.

शकुनबाईनं आधी टेकचंदला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्यानं रडली. मग परसरामकडे वळली. त्याला वाटलं, आता शिव्या येतील. शिव्यांसाठीच तर तो आला होता.

“मले तवा येकडाव शंका आली होती,” ती म्हणाली. “तिसऱ्या हप्त्यात मी म्हनलं तिले, कुंते, फोनवाला विसरला असन, मी कोनाले तरी मोहाडीले धाडतो. तं काय भडकली मह्यावर! म्हने, माहा पोरगा येक वेळ उशीर करन, पन तो भाऊ विसरनार नाही. त्याच्या कामावर शंका घेऊ नको. धाडू नाही देल्लं तिनं मले कोनाले.”

टेकचंद उठून आपल्या बंद घराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. परसराम तिथंच ओट्यावर खाली बसला. पाच वाजताची यष्टी आली आणि गेली, तरी तो उठला नाही.