काकूंचं ‘चालेल’

आमच्या शेजारच्या काकूंचा ठरलेला शब्द म्हणजे ‘चालेल’. चहा गार असला तरी चालेल, बसायला जागा नसली तरी चालेल. मुलाच्या लग्नाआधी गालांची सैल कातडी मशिनने घट्ट करून घ्यायला त्या दादरला गेल्या, तेव्हा मी सोबत होते.

मशिनवाली मुलगी सारखी विचारत होती, “काकू, भाजतंय? तुम्ही सांगाल तेवढंच ठेवते.”

“चालेल.”

ती उष्णता वाढवत गेली. काकूंनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. मी तोंड उघडणार, तोच त्या कडाडल्या, “नाही चालणार! कमी कर!”

तिने लगेच कमी केलं. “हां, आता बरोबर,” काकू म्हणाल्या.

घरी येतो तोच व्याह्यांचा फोन. हॉल परस्पर बदललाय, चालेल ना?

“नाही चालणार,” काकू म्हणाल्या, आणि मी दिलेला गार चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “हा पण गरम करून आण गं.”